टॅबवर ‘नाही’ दाबणारी बाई

मी माझ्या नातीला हाक मारली आणि वळून पाहिलं शेजारच्या बाईच्या नातवाने.

मुलुंडच्या एका दवाखान्यात, लहान मुलांच्या ओपीडीबाहेर, आम्ही दोघी आज्या एका बाकावर होतो. डॉक्टरांकडे जाण्याआधी टॅबवरच्या प्रश्नांना हो-नाही दाबायचं होतं. मी चौथी शिकलेली, वाचता येतं. ‘हाक मारल्यावर मूल बघतं का?’ इथे मी अडले होते.

ती बाई कोळीण असावी. दर वेळी बोट पदराला पुसायची, प्रश्न मोठ्याने वाचायची आणि मग दाबायची. “दुसऱ्याला खेळणं देतो का? नाय रे बाबा, चावतो मेला!” आणि खो खो हसायची. तिचा दीड वर्षाचा नातू सारखा बडबडत होता. तेवढ्याच वयाची माझी नात गप्प बसून माझी चप्पल उलटीपालटी करत होती. मला ती बाई नकोशी झाली. एवढं बोलणारं पोर असल्यावर ‘नाही’ दाबायला हिचं काय जातं?

माझं बोट ‘हो’वर गेलं. घरी जेवायला बोलावलं, ताट दिसलं की धावत येतेच की ही.

बाईने ते पाहिलं. “तपासायला आणलीस ना गं? मिरवायला नाय.”

मी पुन्हा मोठ्याने हाक मारली. पुन्हा तिचाच नातू वळला. मी ‘नाही’ दाबलं.

आता नातीच्या कानात मशीन आहे, हाकेला वळते. तरी त्या पोराचं वळणं आठवलं की माझ्या पोटात दुखतं. बाकापाशी दोन पोरं होती. ऐकू न येणारी माझी होती.