पडल्या पडल्या मागितलेली माफी

मला धडक देणाऱ्या माणसाची मी रस्त्यावर पडल्या पडल्या माफी मागितली, आणि पुढचे दोन महिने ती माफी मला किती महागात पडणार या धास्तीत काढले.

टोकियोतल्या ओजिमात आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर लाँड्रीची छोटी व्हॅन वळली आणि मी सायकलसकट आडवा. उजवं मनगट मोडलं. व्हॅनमधून सत्तरीचे आजोबा पांढरेफटक होऊन उतरले, आणि मी खालूनच म्हणालो, "सुमिमासेन." माफ करा! नऊ वर्षं जपानात काढली की जिभेला वळण लागतं. लिफ्टमध्ये शिरताना माफी, बाहेर पडताना माफी. पोलीस आला, त्याचीही मागितली.

मी तासांवर पैसे मिळणारा कंत्राटी प्रोग्रॅमर. हात प्लास्टरमध्ये म्हणजे पगार बंद. आजोबांची विमा कंपनी भरपाई देणार होती, पण मनगट बरं होऊन तडजोडीच्या कागदावर माझा शिक्का उमटल्यावर; इथे सहीऐवजी नावाचा शिक्काच चालतो. तोवर घरभाडं आणि मुलीच्या शाळेची फी कुठून आणायची?

विमा कंपनीच्या बाई दर गुरुवारी फोन करत. "हात कसा आहे? काही अडचण असेल तर जरूर सांगा." इतकं गोड उगाच कोण बोलतं? मी ताडलं, हा सापळा. आपण काहीतरी बोलायचं आणि त्यांनी ते टिपून ठेवायचं. म्हणून मी दर वेळी "काही अडचण नाही" म्हणून फोन ठेवत असे.

एक दिवस आजोबा मिठाईचा खोका घेऊन दाराशी आले, कमरेत वाकले आणि गेले. खोका मी उघडला नाही. उघडला की प्रकरण मिटलं असं धरत असतील तर? चपलांच्या कपाटावर ठेवून दिला.

अशात भारतीय किराणा दुकानात, पोह्यांच्या पिशव्यांपाशी, एक गृहस्थ भेटले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी मलाच दादा म्हणाले.

"दादा, ॲक्सिडेंट? भरपाईचं काय?"

मी सगळं सांगितलं. माफीचंही.

"पोलिसांसमोर सॉरी म्हणालात?" त्यांनी कपाळावर हात मारला. "मग झालंच! दहा लाख येन मागाल, दोन मिळाले तरी सत्यनारायण घाला. असं करा, मी आज चार देतो. पुढे जे येईल ते माझं. बुडालं तर मी बुडालो."

"पण तुम्ही कशाला एवढं...?"

"आपल्या माणसासाठी, दादा!"

त्यांनी व्हिजिटिंग कार्ड दिलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. टोकियोत माणूस कुत्रं फिरवायला निघाला तरी खिशात कार्ड असतं. पण त्यांनी इथल्या ऑफिसांना अशा काही अस्सल पुणेरी शिव्या घातल्या की अख्ख्या जपानवर पहारा देणारा माझा संशय तिथेच रजेवर गेला. त्यांनी दिलेला, वर नुसता फोन नंबर आणि फक्त माझा शिक्का मारायचा बाकी असलेला कागद घेऊन मी घरी आलो.

बायको बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात पार्टटाइम करते. तिने कागद उलटापालटा केला.

"कोण देतोय हे चार लाख?"

"आपलाच माणूस आहे."

"आडनाव काय आपल्या माणसाचं?"

मी तिच्या खांद्यावरून कागदात आडनाव शोधू लागलो.

"वा! घरी येऊन वाकून गेलेल्या म्हाताऱ्याचा खोका बॉम्बसारखा जपतोयस, आणि पोह्यांच्या मागून निघालेला माणूस आपला?"

गुरुवारी फोन वाजला तो तिनेच घेतला. सरळ विचारलं, यांचा पगार बंद आहे, आत्ता काही मिळेल का? बराच वेळ "हाय, हाय", म्हणजे जपानीत "हो, हो", करून तिने फोन ठेवला.

"मिळेल. बुडालेल्या पगाराचे पैसे तडजोडीआधीही देतात. ऑफिसचा दाखला पाठवायचा. बाई म्हणाल्या, आम्ही दर आठवड्याला विचारत होतो, पण साहेबांना काही अडचणच नव्हती."

"आणि माझी माफी?"

"चूक कुणाची किती ते अजून ठरायचंय. पण तुझं सुमिमासेन कुणी धरत नाही. आजोबांनी तर पोलिसांना सांगितलंय, मीच नीट पाहिलं नाही, तो बिचारा उलट माझीच माफी मागत होता."

दाखला गेला, महिन्याभरात पैसे आले, भाडं आणि फी सुटली. त्याआधीच मी त्या गृहस्थांना फोन करून नको म्हटलं.

"दादा, आपल्याच माणसावर विश्वास नाही?"

"तुमचं कार्ड पाठवा ना, मग बोलू."

फोन कट. त्यांच्या मनात खरंच काही काळंबेरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी बायकोने खोका फोडला. आत एकेक कागदात गुंडाळलेली बिस्किटं. ती चहा ठेवायला वळली तेवढ्यात मी डाव्या हाताने तळाचा कागद उचलून पाहिला. खाली चपटी पुडी, तिच्यावर बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं. म्हटलं, बघा, सापडलं! मुकाट्याने तिच्या हातात दिली.

तिने मोठ्याने वाचलं, "ओल शोषणारी पुडी. खाऊ नये."