सैल झाकणं

माझ्या भाचीचा, मुग्धाचा, फोन आला तेव्हा मी डाळ धुवत होते. "आत्या, हार्ट अटॅक..." एवढंच तिला बोलता आलं. ओले हात पदराला पुसत मी विचारलं, "दादाला कुठे नेलंय?" ती म्हणाली, "बाबा नाही गं... आई. आई गेली."

याला आता दीड महिना होत आला, तरी माझा तो प्रश्न मलाच टोचत राहतो. कारण आमच्या घरात हृदय म्हटलं की दादा, अशी वाटणीच झालेली होती. काही वर्षांपूर्वी चाकणच्या कंपनीत, पहिल्या शिफ्टला, दादाच्या छातीत कळ आली. कंपनीची गाडी, अँजिओप्लास्टी, सगळं दुपारच्या आत उरकलं. तेव्हापासून त्याच्या तेलामिठावर सुनंदावहिनीचा पहारा. पापडाकडे त्याचा हात गेला की ती नुसती बघायची, आणि हात निमूट मागे यायचा. वहिनीच्या वाटणीला संधिवात आला होता.

वहिनी तळवड्याची, जुन्या शेतकरी घरातली. आकुर्डीत संसार झाला तरी घरच्यांशी बोलताना माहेरची भाषा सुटली नाही. मुग्धाच्या जन्मानंतर तिची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळायची नाही. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटलंय, असं डॉक्टरांनी समजावलं, तर म्हणाली, "म्हंजी घरभेदीच निघालं की!" दादा कंपनीत साचे-अवजारं घडवणारा, टूलरूममधला माणूस. त्याने नळाला लांब दांडी बसवली, लाटण्याला जाड मुठी केल्या, आणि घरात कायदा केला, की एकाही डब्याचं झाकण घट्ट लावायचं नाही. चहाचा डबा असो की लोणच्याची बरणी, झाकण नुसतं टेकवलेलं. पापड सादळायचे, साखरेला मुंग्या लागायच्या. वहिनी हसून म्हणायची, "वन्सं, तुमच्या भावाचं प्रेम मुंग्यांना लई मानवलंय."

दिवाळीत फराळाला गेले, ती आमची शेवटची भेट. वहिनी ओट्याला टेकून उभी होती, चेहरा उतरलेला. जिना चढताना दम लागतो म्हणाली, जबडा दुखतो, पाठीत भरून येतं.

"डॉक्टरांना सांगितलंस का?"

"काय सांगायचं त्यात? वातच हाय. थंडीत चढतोय. छातीत कळ न्हाई काय न्हाई."

दादाची कळ तिला पाठ होती. स्वतःची तशी नसेल, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच आठवड्यात ती दादाला तपासणीला घेऊन गेली होती. हृदयाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर, त्याची पिशवी मांडीवर धरून, बराच वेळ बसली होती. दारापर्यंत पोचलेली बाई... पण आत तिचं नाव कुणी काढलं नाही. तिनेही नाही.

सगळं संपल्यावर एका डॉक्टरांनी मुग्धाला सांगितलं, की हा आजार सांध्यांपाशी थांबत नाही. ती सूज हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाते. अशा बायकांच्या हृदयावर लवकर लक्ष ठेवायला हवं, पण बाईचं दुखणं थकव्यावर, पित्तावर, वातावर ढकललं जातं आणि उशीर होतो. हे ऐकल्यापासून मला राग येतो. डॉक्टरांचा येतो, दादाचा येतो, वहिनीचा तर सगळ्यात जास्त येतो. मेली सगळ्यांची पथ्यं सांभाळत बसली! तुमच्या घरी अशी कुणी असेल, तर तिच्या बोटांबरोबर तिच्या छातीचीही चौकशी करा, एवढंच सांगते.

दादा एकदाच म्हणाला, "मी तिच्या बोटांकडंच बघत राहिलो गं."

गेल्या रविवारी त्याच्याकडे गेले. त्याच सकाळी दुखवट्याला आलेल्या बायकांनी जाता जाता स्वयंपाकघर लख्ख आवरून ठेवलं होतं. डबे ओळीत, झाकणं गच्च. चहाचा डबा उघडायला मलासुद्धा जोर लावावा लागला. चहा झाला, मी डबा नीट बंद करून जागेवर ठेवला. दादाने कप खाली ठेवला, उठला, आणि फळीवरचा एकेक डबा घेऊन झाकण सैल करू लागला. आधी चहाचा, मग हळदीचा, मग साखरेचा.

"दादा, मुंग्या येतील रे."

"येऊ देत," तो म्हणाला, आणि पुढचा डबा हातात घेतला.