देवी अंगात असताना वस्तरा

तेव्हा आम्ही दापोडीत रेल्वेच्या कडेच्या चाळीत राहायचो. नवरा पिंपरीच्या कारखान्यात कामाला होता. आधी धाकट्या मुलीला कांजिण्या आल्या, मग नवऱ्याला. आमच्यात कांजिण्या म्हणजे देवी अंगात आलेली. दाराला कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, आणि आजाऱ्याला कात्री-वस्तरा लावायचा नाही. हे सगळं नीट पाळलं जावं म्हणून सासूबाई चाकणजवळच्या गावाहून मुद्दाम आल्या होत्या.

फोड सुकायला लागले होते. एका सकाळी चहा पिताना नवऱ्याच्या डाव्या हातातून कप सुटला. तोंड वाकडं झालं. "अंगावरनं वारं गेलं!" सासूबाई ओरडल्या. शेजाऱ्यांनी टांगा आणला, आम्ही नवऱ्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुपारी हाका मारल्या तरी ते डोळे उघडेनात.

डॉक्टर म्हणाले, "डोक्यात रक्त साचलंय. कवटीला भोक पाडून काढावं लागेल. पण फोड टाळूवरही आहेत आणि अंगात ताप आहे. कापताना घाण आत गेली तर माणूस जाईल. नाही कापलं तर आतल्या दाबाने जाईल."

"तुम्ही काय कराल?"

"मी कापीन. पण जगतील असं सांगणार नाही, बाई."

सासूबाई मधेच म्हणाल्या, "देवी अंगात हाय आन् डोक्याला लोखंड लावता? ती सोडंल व्हय? घरी धाकटीच्या अंगातबी हाय अजून."

तोवर एकाचीच भीती होती. आता पोरीचीही बसली. मी देवीला मानत होते, आजही मानते. तरी म्हणाले, "कापा."

डोकं भादरायला दवाखान्याचा न्हावी आला. त्याने फोड बघितले आणि वस्तरा परत पेटीत ठेवला. "माझ्या घरात लेकरं हायेत. नोकरी गेली तरी चालंल," म्हणाला आणि निघून गेला. मग नर्सबाईंनी वस्तरा घेतला. तशा सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता आडव्या येतात. त्यांनी लेकाचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"चालव बाई. फोड वाचवून चालव. कोप झाला तर धरणारीवर हुंदे." मग माझ्याकडे बघितलं. "तू लांब हो. तुला पोरं हायेत."

मी लांब झाले.

नवरा वाचला. डावा हात कायमचा लुळा राहिला, पण वाचला. त्यांनी डोळे उघडलेले मी बघितले आणि तिथे थांबलेच नाही. दापोडीला येईपर्यंत सारखी धाकटी डोळ्यांपुढे येत होती, अंथरुणात निपचित पडलेली.

ती शेजारणीच्या उंबऱ्यावर बसली होती, जीभ बाहेर काढून पोटावरच्या खपल्या सोलत. मी तिच्या हातावर सणसणीत चापट मारली. तिने भोकाड पसरलं. आवाज चांगला खणखणीत होता.