मधल्या नावाची जागा

हुशार माणसं मला सहसा सोसत नाहीत, कारण ती आपली हुशारी ऐकवत बसतात. जिच्याबद्दल लिहितोय तिनं कधी काही ऐकवलं नाही. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. जिल्ह्याच्या गावी एका सरकारी कचेरीत आम्ही दोघं कंत्राटी ऑपरेटर होतो. मी वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरात वाढलेला, ती चंद्रपूरच्या एका शिंप्याची मुलगी. वडिलांना ती अब्बा म्हणे, मला भाऊ म्हणे आणि चहा मात्र स्वतःच्या पैशानंच पिई.

भामरागडकडच्या गावांचा रस्ता पावसाळ्यात तुटतो. म्हणून चार महिन्यांचा तांदूळ कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात आधीच पोचवून एकदम वाटला जातो. त्या वर्षी प्रत्येक कार्डधारकाच्या नावाची चिठ्ठी कॉम्प्युटरवर छापायचं ठरलं. चिठ्ठी दाखवा, तांदूळ न्या. आम्ही छापल्या, जीप घेऊन गेली आणि आठवडा व्हायच्या आत त्यातला एक गठ्ठा परत आला. कार्डाचा नंबर होता, गाव होतं, घरात माणसं किती तेही होतं. नावाच्या जागी काहीच नव्हतं. दुकानदारानं निरोप धाडला होता की बिननावाच्या चिठ्ठीवर तो दाणा देणार नाही, आणि नदी चढायला लागली आहे.

साहेब म्हणाले, प्रिंटरची फीत संपली असेल. मी नवी फीत घातली, हात काळे करून घेतले आणि पुन्हा छापलं. नाव पुन्हा कोरं. मी प्रिंटरला, फितीला आणि वरून हा प्रोग्राम पाठवणाऱ्या अनोळखी शहाण्याला यथेच्छ शिव्या घातल्या. ती मात्र कोऱ्या चिठ्ठ्यांचे नंबर घेऊन मूळ माहिती उघडून बसली होती.

"भाऊ, ह्या सगळ्या बाया आहेत," ती म्हणाली. "अन् सगळ्या विधवा. कार्ड त्याहिच्याच नावावर आहे. नवऱ्याचं नाव तेवढं भरलंच नाई."

"काऊन नाई भरलं?"

"भरन कसं? सर्वेवाला विचारून राह्यला नवऱ्याचं नाव. बाई कशी सांगन?"

मला माझी आईच आठवली. गॅसवाल्यानं कार्ड कोणाच्या नावावर आहे असं विचारलं की ती मलाच पुढे ढकलायची. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत भामरागडच्या रानात आहे आणि क्वार्टरातही होती. सर्वे करणाऱ्यानं तो रकाना सोडून दिला आणि पुढचं घर गाठलं.

पण एक नाव नसलं तर बाकीची दोन कुठे गेली? ते तिनं मला समजावलं. रिकामं वेगळं आणि 'माहीत नाही' वेगळं. न भरलेला रकाना कॉम्प्युटर 'माहीत नाही' असा धरतो. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव जोड म्हटलं आणि त्यातलं एक माहीत नसलं, तर तो सगळं जोडनावच माहीत नाही म्हणून मोकळा होतो. आमच्या कचेरीतही एक सही राहिली की अख्खी फाईल परत यायची, त्यामुळे मला ते चटकन पटलं.

साहेबांनी उपाय काढला. "त्या रकान्यात 'निरंक' भरून टाका." कचेरीत जिथे काही नसतं तिथे निरंक लिहितात.

तिनं मान वर केली. "साहेब, त्या बाईचा नवरा निरंक कसा? होता न तो."

साहेबांनी पुढची फाईल ओढली. मला तेव्हा ती इतकी आवडली की टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं.

मग तिनं काट्यानं काटा काढला. नवऱ्याचं नाव आणि त्याच्यामागची मोकळी जागा आधी एकमेकांना जोडली. नाव माहीत नसेल तर ती जागाही त्याच्याबरोबर जाईल, आणि त्या जोडीच्या ऐवजी काहीच धरू नकोस, असं प्रोग्रामला सांगितलं. बाईचं नाव, एक जागा, आडनाव. मधे भोक नाही. दोन जागा सुटल्या असत्या तरी तांदूळ मिळालाच असता. तरी तिनं तेवढंही राहू दिलं नाही.

नव्या चिठ्ठ्या घेऊन जीप निघाली, तेव्हा माझी सोबतीण हट्टानं आत बसली आणि तिच्यामागे मी. दुकानासमोर बाया टोपल्या, पिशव्या घेऊन उभ्या होत्या. पहिलीच एक म्हातारी होती; आधी कोऱ्या चिठ्ठीवर परत गेलेली. दुकानदारानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"नाव आहे, पण इथी नवऱ्याचं नाव कुठी आहे? आडनाव तर अर्ध्या गावाचं हेच. ही तीच बाई कशावरून?"

त्यानं म्हातारीला तिच्या माडिया बोलीत तेच विचारलं. म्हातारी जमिनीकडे पाहत राहिली. पुढे पाऊल टाकेना, मागे जाईना.

"तिले नका विचारू," माझी सोबतीण म्हणाली. "तिच्या मागच्या बाईले विचारा."

मागची बाई तिची शेजारीण होती; तिनं लगेच म्हातारीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. दुकानदारानं मान हलवली आणि तांदूळ मापायला घेतला. म्हातारीनं मात्र पिशवी पुढे केलीच नाही. ती मागे वळून शेजारणीला हळूच काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, मले ऐकू नाई आलं," दुकानदार म्हणाला. "पुन्हा एकदा सांग, म्हणते."

शेजारणीनं ते नाव पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं.