इमिग्रेशनच्या खिडकीवरचा उखाणा

माझ्या बायकोला माझं नाव माहीत होतं, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. सहार विमानतळावर मात्र त्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं.

ही बायको कोण, ते आधी सांगतो. आम्ही लालबागचे. बाबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. संप झाला तेव्हा ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत मिटेल." कोणत्या दिवाळीपर्यंत ते त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना खोटं म्हणता येत नाही! अशा काही दिवाळ्या बघून झाल्यावर मी मस्कतला एका हॉटेलच्या लाँड्रीत चिकटलो. तिथे खोल्यांच्या चादरी न्यायला एक फिलिपिनो मुलगी यायची. नाव तेरेसिता, सगळे टेस म्हणायचे. ती हसली की मी धुतलेल्या चादरी परत मशीनमध्ये टाकायचो, म्हणजे तिला परत यावं लागायचं. त्या हॉटेलच्या चादरी इतक्या स्वच्छ पुन्हा कधी झाल्या नसतील.

शेवटी हिंमत करून चाळीखालच्या वाण्याकडे फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. मग आईने एकच प्रश्न विचारला.

"मासे खाता मां?"

"खाते."

"मगे घेवन ये तिका."

झालं! जात, धर्म, देश सगळं एका बोंबलात निकाली निघालं. आम्ही मुंबईला आलो, कोर्टात सह्या केल्या आणि मग आईच्या समाधानासाठी हॉलमध्ये अक्षता, मुंडावळ्या, सगळं साग्रसंगीत झालं. रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहिलं. आईने ते आधीच ठरवून ठेवलं होतं. तेजस्विनी.

नावापर्यंत ठीक होतं. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी टेस मोरीतून ओरडली, "वसंत! टॉवेल!" गॅलरीतल्या समस्त बायकांचे हात जागच्या जागी थांबले. आईने कपाळावर हात मारून घेतला.

"गो बाये, नवऱ्याचा नाव असा कोन घेता? आयुष्य कमी होता तेचा!"

मी टेसला समजावलं की हे सगळं जुनं आहे, मनावर घेऊ नकोस. तिने नाही घेतलं. पण नेमका त्याच संध्याकाळी मी जिन्यावरून घसरलो आणि थेट खालच्या नळापर्यंत पोचलो. हात प्लास्टरमध्ये. आई विजयी मुद्रेने म्हणाली, "तरी मी सांगी होतंय!" त्या दिवसापासून टेसने माझं नाव टाकलं ते टाकलंच. (तिच्या गावाकडेही असल्या समजुती पोत्याने आहेत. दोघींचं लगेच जमलं.) नाव घ्यायचंच झालं तर उखाण्यातून घ्यायचं, हा कायदा आईने तिला शिकवला आणि रोज दुपारी मच्छी साफ करता करता दोघींची शिकवणी सुरू झाली. मला त्या शिकवणीला प्रवेश नव्हता.

आता खरी गोष्ट. टेसचे वडील आमच्या लग्नावर रागावले होते. परदेशी माणूस, त्यांनी कधी पाहिलेला नाही. त्यांच्या गावातल्या दोन मुलींना असेच नवरे मिळाले होते, आणि ते नवरे फक्त पत्रांतून नांदले. "तो यायचा नाही," वडिलांनी टेसला कळवलं होतं, "असले नवरे विमानतळापर्यंतच येतात." पुष्कळ विनवण्या केल्यावर ते आपल्या बेटावरून बोटीने मनिलाला यायला तयार झाले. ठरलेल्या विमानातून जावई उतरला तर जावई. नाही उतरला तर मुलीने तो विषय पुन्हा काढायचा नाही. टेस हे सांगताना हसली होती, पण त्या रात्री तिने जेवण टाकलं. तिने जेवण टाकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार भीती वाटली.

विमान दुपारचं होतं. पोचवायला टेम्पो भरून चाळ आली. विमानतळ काय वर्णावा! चकचकीत फरशी, आपोआप उघडणारी दारं, छत तर इतकं उंच की मान दुखावी. बाबांनी बाहेरूनच काचेला नाक लावून अंदाज घेतला आणि हळूच म्हणाले, "चार साचाखाती बसतील रे यात." आईने आमची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या कुठे टाकायच्या यावर तिचा शिपायाशी वाद सुरू झाला, तेवढ्यात आम्ही आत सटकलो.

सामान गेलं, बोर्डिंग पास मिळाले आणि आम्ही इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिलो. मला तिथे देवळात आल्यासारखंच वाटत होतं. समोर काचेच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक साहेब आणि साहेबाच्या हातात शिक्का. त्याने तो मारला की माणूस देशाबाहेर! मी मनातल्या मनात हात जोडले. आमच्या खिडकीतला साहेब तरुण होता, मिशी नवीन होती आणि तो हसत नव्हता. त्याने आधी टेसचा पासपोर्ट घेतला.

"इंडिया में इतने महीने कहाँ रुकीं?"

"लालबाग," टेस म्हणाली. तिला एवढं हिंदी समजत होतं.

"किसके पास?"

"हजबंड."

"हजबंड का नाम?"

टेसने मान खाली घातली, साडीचा पदर बोटाला गुंडाळला आणि ती चक्क लाजली.

"मॅडम, हजबंड का नाम?"

"धिस वन," टेसने माझ्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, मी वसंत—" मी पुढे झालो.

"आप चूप! इनको बोलने दो." आणि तो इंग्रजीत तिला विचारू लागला. (पुढचं मी मराठीत सांगतो. मूळ इंग्रजी तिघांचंही सारखंच होतं.)

"तुमच्या नवऱ्याचं नाव तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. सांगता येत नाही."

"का?"

"सासूबाईंनी बंदी केली आहे."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "सांगितलं तर काय होईल?"

"हा मरेल," टेस अगदी प्रामाणिकपणे म्हणाली.

आमच्या मागची रांग एक पाऊल मागे सरकली. मी टेसच्या कानाशी लागलो, "अगं, सांगून टाक ना!" तर ती माझ्यावरच डोळे वटारून म्हणाली, "आत्ता? विमानात बसायच्या आधी? नुसता जिना होता तेव्हा हात मोडला होता तुझा!"

खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की नकोच सांगायला.

साहेबाने आता मोर्चा माझ्याकडे वळवला. लग्नाचा दाखला मागितला. दाखला होता! पण बॅग आईने भरली होती, आणि आईचा नियम असा, "म्हत्त्वाचे कागद तळाक ठेवचे. वरचे हरावतत." त्यामुळे दाखला बॅगेच्या तळाशी, त्यावर सोडे, त्यावर सुके बोंबील, त्यावर कोकमं, आणि ती अख्खी बॅग एव्हाना विमानाच्या पोटात. हातातल्या पिशवीत फक्त लग्नाचा अल्बम होता, सासऱ्यांना दाखवायला घेतलेला. मी तो मोठ्या ऐटीत खिडकीत सरकवला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पहिल्याच पानावर फोटोग्राफरने सोनेरी अक्षरं चिकटवली होती. 'वसंत आणि तेजस्विनी'.

"ये तेजस्विनी कौन है?"

"माझी बायको."

"और ये तेरेसिता?"

"ती पण माझी बायको."

"दो-दो?"

"नाही साहेब, एकच! हीच ती!"

त्याने पुढचं पान उलटलं. फोटोतल्या नवरीला नऊवारी, कपाळभर मुंडावळ्या, गालाएवढी नथ, वर हळद, आणि मान आईच्या सूचनेप्रमाणे जमिनीत. त्यातून टेस कशी ओळखणार? मलाच ओळखता आली नव्हती! साहेबाने फोटो बघितला, टेसला बघितलं, मला बघितलं आणि तो उठून उभा राहिला. "साइड में आइए. दोनों."

टेसचा चेहरा उतरला. विमानात चढायची घोषणा सुरू झाली होती. तिने माझा हात धरला. "बाबा बोटीत बसले असतील," ती एवढंच म्हणाली. मला वाटलं, संपलं. तिचे वडील जे म्हणाले होते ते खरं होणार होतं. जावई खरोखर विमानतळापर्यंतच येणार होता.

तेवढ्यात साहेबाच्या वरिष्ठ बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, आणि मंगळसूत्र डाव्या हाताने सावरायची सवय अगदी माझ्या मावशीची. साहेबाने त्यांना रिपोर्ट दिला. एक बाई, दोन नावं, नवऱ्याचं नाव सांगत नाही, सासूची धमकी, जिवाला धोका. बाई ऐकत होत्या आणि त्यांच्या ओठांचे कोपरे हळूहळू हलायला लागले होते.

"लालबागला कुठे?" त्यांनी मला मराठीत विचारलं. मी चाळीचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि टेसकडे वळल्या.

"काय गं पोरी, सरळ नाव घेत नाहीस तर नको घेऊस. उखाण्यात घेतेस का?"

'उखाणा' हा शब्द कानावर पडला मात्र, टेस ताठ झाली. तिने डोक्यावर पदर घेतला. पर्स माझ्या हातात दिली. आणि काचेच्या त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये, निरनिराळ्या देशांच्या माणसांसमोर, माझी बायको खणखणीत आवाजात म्हणाली:

"सात समुद्र ओलांडून आले लालबागच्या चाळीत,
वसंतरावांचं नाव घेते, बोंबील वाढून थाळीत!"

'ळ' म्हणताना तिची जीभ जराशी अडली. बाकी एक अक्षर इकडचं तिकडे नाही! माझ्या गावचा शब्द, माझ्या आईची ओळ, माझं नाव, आणि ते सगळं एका दूरच्या बेटावरच्या मुलीच्या तोंडून असं निघालं होतं की अंगावर काटा आला. शेजारच्या खिडकीतला शिक्का हवेतच थांबला. रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली. एका अरबाने काय झालं ते न कळूनसुद्धा मान तुकवली.

"वा!" बाई म्हणाल्या. तरुण साहेब बसला, त्याने टेसच्या पासपोर्टावर शिक्का मारला आणि माझ्या पासपोर्टाकडे हात नेला. बाईंनी तो वरच्या वर पकडला.

"थांब. तिने घेतलं. आता ह्यांनी घ्यायला नको? आपल्याकडे नवऱ्यालाही घ्यावं लागतं! घ्या हो वसंतराव. आणि पासपोर्टावरचं नाव पाहिजे हां, अल्बममधलं नाही!"

माझा जन्म लालबागचा. चाळीतल्या प्रत्येक लग्नात नवऱ्यामुलाला 'नाव घे, नाव घे' म्हणून छळण्यात मी सगळ्यांच्या पुढे. पण त्या खिडकीसमोर मला 'भाजीत भाजी' याच्या पुढे एक शब्द आठवेना! "भाजीत भाजी..." मी म्हणालो. "भाजीत..." रांग वाट बघत होती. घोषणा दुसऱ्यांदा झाली, आणि तीत आमची दोघांची नावं होती.

टेस माझ्या कानाशी आली. "गिरणीचा वाजला भोंगा," ती कुजबुजली.

"काय?"

"आईने तुझा पण दिलाय. म्हणाली, माज्या झिलाक येवचा नाय. म्हण!"

मी म्हटलं. ती एकेक तुकडा कानात सोडत गेली आणि मी तो मोठ्याने म्हणत गेलो:

"गिरणीचा वाजला भोंगा, चाळीला आली जाग,
तेजस्वि... तेरेसिताचं नाव घेतो, धन्य झालं लालबाग!"

भोंगा वाजायचा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण आईच्या उखाण्यात गिरणी अजून चालू होती. बाईंनी चष्मा काढून पुसला, माझ्या पासपोर्टावर स्वतःच्या हाताने शिक्का मारला आणि म्हणाल्या, "पळा आता!"

आम्ही पळालो. विमानात बसल्यावरही मी टेसकडे बघतच राहिलो होतो. ती मात्र शांतपणे खारे दाणे खात होती.

मनिलाला बाहेर पडलो तर गर्दीच्या पुढे एक बुटका, काटक म्हातारा उभा होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. त्याने मला पाहिलं आणि तो जागचा हलला नाही. टेस धावत जाऊन त्याला बिलगली. तिच्या खांद्यावरून तो माझ्याकडेच बघत होता. त्याचे डोळे भरले होते.

"आलास," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "नाव काय तुझं?"

या प्रश्नाला तर मला कसलीच बंदी नव्हती. विमानात मी अख्खं भाषण पाठ केलं होतं. मी तोंड उघडलं. तो एका बोटीने आणि मी एका विमानाने इथवर आलो होतो, आणि तो खरंच वाट बघत थांबला होता, हे पाहून माझ्या घशातून आवाजच फुटेना. म्हातारा काळजीत पडला. त्याने लेकीला हळूच विचारलं, "मुका आहे का गं?"

"नाही बाबा," टेस म्हणाली. "बोलतो चांगला. फक्त काय बोलायचं ते आधी कानात सांगावं लागतं."