चाकामागची चकती

साठी उलटल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. मी जव्हारला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रॅलीची गाडी बांधायला घेतली. तरुणपणी तसलीच एक गाडी मी चालवली होती. छोटी, चौकोनी, पांढरी. मुंबईहून निघालेली एक रॅली तेव्हा आमच्या जव्हार-मोखाड्याच्या घाटांतून नाशिककडे जायची, आणि एका वर्षी मीही तिच्यात उतरलो होतो. माझी गाडी तोरंगणच्या घाटात संपली. आता त्याच मॉडेलचं एक जुनं धूड मिळालं, तेव्हा मी ठरवलं की त्याचीच हुबेहूब तशी गाडी करायची.

सुरुवातीला सगळं आठवणीवर करणार होतो. बायको म्हणाली, "तुमच्या आठवणीवर बांधलीत तर तिला पाच चाकं येतील." मी चिडलो, पण बाई खोटं बोलत नव्हती. शेवटी जावयाने कुठूनसा त्या मॉडेलचा रॅलीचा अधिकृत फॉर्म मिळवला आणि छापून आणला. गाडी शर्यतीत उतरवायची तर ती कशी असली पाहिजे, हे त्यात लिहिलेलं असतं. वजन किती, गिअरला दाते किती, कार्ब्युरेटरचं तोंड केवढं. प्रत्येक भागाचा फोटो आणि फोटोखाली मापं. तपासणीला उभी असलेली माणसं हाच कागद हातात धरून गाडीला टेप लावतात.

मला त्या कागदाचं वेडच लागलं. इंजिनाखालचा पत्रा मी दोनदा कापून फेकला, कारण तो फोटोतल्यापेक्षा एक घडी जास्त घालून वळवला होता. शेजारचा वेल्डर वैतागला. "काका, गाडी बांधताय का पासपोर्ट काढताय?" मी त्याला म्हटलं, तू तुझा वेल्डिंगचा रॉड जाळ, मापाचं मी बघतो. असं मी आयुष्यभर लोकांना म्हणत आलोय.

फॉर्ममध्ये एक माप आहे, डाव्या आणि उजव्या चाकामधल्या अंतराचं. चाकं बसवून मी ते मोजलं तर कागदाशी तंतोतंत जुळलं. मला खूश व्हायला हवं होतं. पण भिंतीवर माझ्या जुन्या गाडीचा, रॅलीत जव्हारहून निघतानाचा फोटो आहे, त्यात पुढची चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावतात. नवी गाडी त्याच्यापुढे अंग चोरून उभी राहिल्यासारखी दिसत होती. त्याचं कारण मला ठाऊक होतं. माझ्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकामागे लोखंडाची जाड चकती होती. मी ती नाशिकला लेथवर करून घेतली होती. चाकं बाहेर आली की गाडी वळणावर घट्ट बसते, अशी माझी अक्कल. रॅलीत ते चालत नव्हतं, म्हणून तपासणी उरकल्यावर, जव्हारच्या थांब्यावर, लपून मी त्या चकत्या बसवून घेतल्या.

बसवल्या आमच्या मिस्त्रीने. तो मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. दाभोसा, जामसर, तिकडच्या सगळ्या जीपा त्याच्याच हाताखालून जायच्या. त्याने तपासलेली गाडी घाटात रुसत नाही, असं ड्रायव्हर सांगायचे. शाळा चौथीपर्यंत, पण नट नुसत्या बोटाने चाचपून पान्याचा नंबर सांगायचा.

त्या दिवशी तोरंगणच्या तिसऱ्या वळणावर माझं पुढचं डावं चाक निघून दरीत गेलं. गाडी कड्याला घासत उलटली. मला खरचटलं. शेजारी बसलेल्या माझ्या आतेभावाचा हात दोन ठिकाणी मोडला, तो पुढे कधी सरळ झाला नाही. रॅलीची माणसं यायच्या आत मी पहिलं काम काय केलं असेल? दुसऱ्या चाकामागची चकती काढली आणि रस्त्यावर पडलेलीसुद्धा उचलून पिशवीत टाकली. मग संध्याकाळी मोखाड्याच्या जीप स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, सगळे ड्रायव्हर जमलेले असताना मी मिस्त्रीची कॉलर धरली. म्हटलं, "याने नट आवळलेच नाहीत! याच्या हाताचा भरवसा नाही. भाऊ मेला असता माझा."

तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर चकतीचं बोलावं लागलं असतं, आणि मग माझी बेइज्जती झाली असती. त्याने मला सांभाळून घेतलं हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. गप्प आहे म्हणजे चोर आहे, असं मी धरून चाललो. आणि मी मनापासून धरून चाललो, हे सांगितलं पाहिजे. इतकी वर्षं मला खरंच वाटायचं की नट ढिले राहिले होते.

तर त्या चकत्या माझ्या पेटीत होत्याच. नव्या गाडीला लावून बघू, फोटोसारखी दिसेल, म्हणून मी एक काढली, पुसली, आणि फॉर्ममधला हबचा, चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, फोटो समोर ठेवून बसवली. चाक चढवलं. नट हाताने फिरवायला घेतला. एक फेरा, दुसरा, तिसरा, आणि नट चाकाला टेकला. मला वाटलं आटे खराब असतील. दुसरा नट घेतला. तीन फेरे. चकती काढून टाकली आणि तोच नट पुन्हा लावला, तर नऊ फेरे आत गेला.

चकतीच्या जाडीने बोल्टची लांबी खाल्ली होती. कोणी कितीही जोर लावला असता तरी तीन आट्यांवर चाक धरणार नव्हतं. घाटात तर नाहीच नाही. आणि मग मला त्या दुपारचं, जव्हारच्या थांब्यावरचं त्याचं बोलणं ऐकू आलं. विसरलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं, पण विसरलो नव्हतो, नुसतं बाजूला सारलं होतं. तो पाना हातात धरून म्हणाला होता, "दादा, आटं पुरं धरत नाय." आणि मी ओरडलो होतो, "तू नट आवळ, मला शिकवू नको."

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिने हात थांबवला. म्हणाली, "त्या माणसाला जीपवाल्यांनी काम देणं बंद केलं होतं, माहीत आहे ना तुम्हाला? बायकापोरं घेऊन भिवंडीला बांधकामावर गेला होता तो." मला माहीत होतं. त्या वेळी मी म्हटलं होतं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाड्यावर गेलो. तो आता परत आलाय, थोडा भात करतो, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी. अंगणात बसून जुन्या टायरच्या पट्ट्या कापत होता. मला ओळखून त्याने घोंगडी टाकली. मी फॉर्मचं ते पान आणि चकती त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं बोलून टाकलं. चूक माझी होती, तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही, आणि वर तुझं नाव खराब केलं. बोलता बोलता मला रडू आलं, लाज वाटली तरी थांबेना.

त्याने चकती उचललीच नाही. पान मात्र डोळ्यांजवळ धरून बघितलं, हबच्या फोटोवर अंगठा फिरवला आणि मला परत दिलं. त्यांच्या पाड्यांवर लहानमोठ्या सगळ्यांना तूच म्हणतात. तो म्हणाला, "तवा तू सगल्यांचे पुढं बोललास. आता माझे घरात येऊन हलूच सांगतो?"

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. बायकोला चहा ठेवायला सांगितलं, आणि तो चहा मला प्यावा लागला.

बाजाराच्या दिवशी मी मोखाड्याच्या स्टँडवर गेलो. त्याला निरोप धाडला होता, येईलच असं वाटलं नव्हतं, पण तो आला आणि टपरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. मी जीपवाल्यांना हाका मारून गोळा केलं. वीसेक जण जमले. मी मोठ्याने सांगितलं, कित्येक वर्षांपूर्वी मी इथे या माणसाला चोर ठरवलं, आणि चोर मी होतो. चकती दाखवली. घरून आणलेल्या हबवर ती आणि चाक चढवून, नट लावून तीन फेरे करून दाखवले. पोरं आपसांत बघू लागली. कुठली रॅली, कसली चकती, त्यांच्या जन्माआधीची गोष्ट. एकाने मोबाइल काढला, दुसऱ्याने "काका, गाडी भरतेय, आटपा" म्हणून हसून घेतलं.

त्या संध्याकाळी तिथे असलेल्यांपैकी एकच जण उरला होता. म्हातारा झालेला, आता गाडी चालवत नाही, नुसता येऊन बसतो. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. विचारलं, "तुम्हाला आठवतं ना, मी काय बोललो होतो?"

"नाय बा," तो म्हणाला. "तू काय बोललास ते काय आठवत नाय. त्याला गाड्या द्यायच्या नाहीत, हात खराब आहे त्याचा, एवढं आठवतं. तसं पोरांनापण सांगून ठेवलंय."

"हात खराब नव्हता," मी म्हटलं. "कधीच नव्हता."

"असं काय?" म्हातारा म्हणाला, आणि त्याने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री खांब सोडून बाजाराकडे चालायला लागला होता.