चाळीस स्विच आणि वैशालीताई

मंडळी, आज मी जाम जळलो.

रोह्याला आमच्या कंपनीत नेटवर्कचे, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे, चाळीस स्विच आहेत. एकेकात लॉगिन करून पासवर्ड बदलायला मला अख्खा दिवस लागतो. आज आमच्याच विभागातल्या वैशालीताईंनी ते काम चहाच्या आधी संपवलं! त्यांनी पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेतली तयार कोडची एक लायब्ररी घेऊन प्रोग्राम लिहिला, तोच प्रत्येक स्विचमध्ये शिरून कमांड देतो. दोन वर्षांपूर्वी या बाई कंपनीच्या स्टोअरमध्ये सामान सांभाळत होत्या.

साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी गुपचूप चाळीसही स्विच तपासले.

"काय शोधतोस रे?" ताईंनी विचारलं.

"काय नाय."

चूक शोधत होतो. एकही सापडली नाही, याचंच वाईट वाटलं.

"शिकवू का तुला?"

"बघू," म्हणालो आणि घरी जायला पेणची गाडी पकडली.

उद्या "शिकवा" म्हणायला तोंड उघडेल का माझं? तुमचं उघडलं असतं?